पाणी मुरू द्यावे

३ ऑक्टोबर

भाऊजी,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही आधी शुद्धलेखन तपासाल आणि मग मजकूर वाचाल, हे मी ओळखून आहे. म्हणून आधी कच्चं लिहिलं, मग हे पक्कं. तरीही एखादी वेलांटी चुकली असेल तर शाळेत शिवण शिकवलेल्या बाईची चूक म्हणून पोटात घाला.

पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. तुमच्या दादांना गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला. तुम्हाला कळवायचं नाही अशी सक्त ताकीद होती, ती मी पाळली; बरोबर केलं की चूक, ते तुम्ही ठरवा. पाय सावरला. जीभ शाबूत आहे, ती कशी असते तुम्हाला ठाऊक आहे. उजवा हात मात्र परका झाला. बोटं वस्तूभोवती मिटतात, पण धरत नाहीत. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाचा हात आहे तो. घरी आले त्याच आठवड्यात थापी, ओळंबा, गुण्या, सगळी हत्यारं पोत्यात बांधून त्यांनी माळ्यावर टाकायला लावली, आणि त्यानंतर वर्षभर घरात मी एकटीच बोलत होते.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी म्हणाले, "पोतं काढ."

"कशाला?"

"विकायला. काढ म्हटलं ना."

विकलं काहीच नाही. मागच्या अंगणात त्यांनी डाव्या हाताने एक लहानसा हौद बांधला. मी विटा दिल्या, माल कालवला, शिव्या खाल्ल्या. पाच आठवडे लागले. लांबट गोल आहे, कारण कोपऱ्यात डावी थापी अडते. मी म्हटलं, छान झाला हौद. तर म्हणाले, "नुसतं पाणी भरलं तर हौद. मासे सोडले की तळं."

आता त्यांना मासे हवे आहेत. कोपऱ्यावरचा मासेवाला म्हणतो, आजच डझनभर न्या. पण नव्या सिमेंटमध्ये मासे मरतात, असं तुम्ही पूर्वी बोलल्याचं मला आठवतं. भाऊजी, हे मासे मेले तर दोष माशांना लागणार नाही, हाताला लागेल. ते तोंडाने काही म्हणणार नाहीत. पोतं परत माळ्यावर जाईल, आणि या खेपेला ते खाली येणार नाही.

त्या टाकीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते. पण न काढता हे पत्र खोटं होईल. तुम्ही मत्स्यबीज केंद्राचे प्रमुख होता, टाकी यांनी बांधली होती, ती गळली, आणि तुम्ही अहवालात "बांधकाम निकृष्ट" असं लिहून ती चार माणसांत यांच्यासमोर फोडायला लावलीत. एक शब्द. त्या दिवसापासून या घरात तुमचं नाव निघालेलं नाही. तरीही मी तुम्हालाच विचारते आहे, कारण माशांतलं तुमच्याइतकं मला माहीत असलेल्या कुणालाच कळत नाही.

उत्तर माझ्या नावाने पाठवा. टपाल मीच घेते.

वहिनी


९ ऑक्टोबर

आदरणीय वहिनी,

आपले पत्र मिळाले. एक वेलांटी आणि दोन अनुस्वार वगळता निर्दोष आहे.

दादाच्या आजाराचे मला कळवले नाही, हे योग्य झाले नाही. त्याविषयी एवढेच.

आता हौदाविषयी. "लहानसा" हे माप नव्हे. लांबी, रुंदी आणि खोली कळवावी; खोली तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत, काठापर्यंत नव्हे. कोपरे नाहीत हे उत्तम आहे. कोपऱ्यात पाणी फिरत नाही आणि घाण साचते. हे आपल्याकडे अडचणीतून घडले असले तरी परिणाम शास्त्राला धरून आहे.

मासेवाल्याचे ऐकू नये. मासे विकणे आणि मासे जगवणे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत आणि पहिल्यातला मनुष्य दुसऱ्यात क्वचितच आढळतो. नव्या सिमेंटमधून क्षार सुटतो. माशाच्या कल्ल्यांना तो भाजतो. म्हणून हौद भरावा, एक दिवस तसाच ठेवावा, रिकामा करावा, राठ कुंच्याने घासावा. असे तीन वेळा करावे. दोन वेळा करून "आता बहुतेक झाले असेल" असे म्हणू नये. बहुतेक हा शब्द माशांना कळत नाही.

चौथ्यांदा भरलेले पाणी कायमचे. त्यात दोन-तीन पाणवनस्पती कुंडीसकट ठेवाव्यात आणि सहा आठवडे एकही मासा सोडू नये. या सहा आठवड्यांत काय घडते ते सांगायला माझ्याकडे तीन पारिभाषिक शब्द आहेत. परंतु आपल्याला आणि आपल्या घरात कळावे म्हणून सोप्या, घरगुती शब्दांत सांगतो: पाणी मुरू द्यावे. न मुरलेल्या पाण्यात सोडलेला मासा आठवडाभरात मरतो.

घाई केल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी मी घेणार नाही.

आपला
धाकटा दीर


१६ ऑक्टोबर

भाऊजी,

मापं पट्टीने घेतली आहेत. लांबी आठ फूट दोन इंच, रुंदी पाच फूट, खोली पाण्याच्या पातळीपर्यंत दोन फूट सात इंच. अनुस्वार कुठले चुकले ते तुम्ही कळवलं नाहीत. त्याचा मनस्ताप निराळा.

तीनदा भरणं आणि घासणं झालं. घासायला हे स्वतः हौदात उतरले. मी नको म्हणत होते. पायाने कुंचा दाबून घासतात. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा नाचतो आहे. शेजारच्या शिंप्याने कुंपणावरून विचारलं, "कसला सराव चाललाय?" तर म्हणाले, "तुझ्या लग्नात नाचायला." शिंपी पासष्टचा आहे. वर्षभरानंतरचा हा त्यांचा पहिला विनोद, म्हणून तुम्हाला कळवते.

उद्या चौथ्यांदा भरणार. अडचण आता खरी सुरू होते आहे. सहा आठवडे थांबायचं, हे मी मासेवाल्याच्या नावावर खपवलं. हे माझ्याकडे बघत राहिले.

"मासेवाला म्हणाला? सहा आठवडे मासे घेऊ नका?"

"हो."

"स्वतःचं दुकान बंद करतोय वाटतं तो."

मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय."

त्यांना संशय आला आहे हे नक्की. तुमची पत्रं मी शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवते. त्या खणाला आजवर त्यांनी हात लावलेला नाही.

मला एवढं सांगा: सहा आठवडे झाल्यावर किती मासे, कुठले, आणि सोडायचे कसे? आणि या दिवसांत पाण्याला हात लावायचा की नाही? माझी बहीण पडली आहे, पाय मोडला आहे. सत्तावीस तारखेला दहा दिवसांसाठी तिच्याकडे जावं लागेल. जाण्याआधी सगळं समजून घेतलेलं बरं.

एक विचारू? दोन ओळीसुद्धा त्यांच्यासाठी लिहाव्यात असं वाटत नाही का? मी वाचून दाखवणार नाही. पण कागदावर असाव्यात.

वहिनी


२२ ऑक्टोबर

आदरणीय वहिनी,

मापे पाहिली. हिशेबाने या हौदात बारा लहान मासे सुखाने राहतील; म्हणून आरंभी चार सोडावेत. गोल्डफिश, बोटाच्या लांबीचे. चार का, असे मासेवाला विचारील. त्याला सांगावे की उरलेले आठ त्याने स्वतःच्या घरी सांभाळावेत.

सोडताना पिशवी फोडून मासे ओतू नयेत. पिशवी बंद स्थितीत वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हीकडचे तापमान सारखे होते. मग पिशवीत हौदातले पाणी थोडे थोडे, पाच-सात वेळा, घालावे. शेवटी पिशवी आडवी करावी. मासा स्वतःहून बाहेर जाईल. त्याला हाताने ढकलू नये. नव्या जागी जाण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

आता मुख्य गोष्ट, कारण आपल्या पत्रावरून ती पुरती कळली असावी असे वाटत नाही. पाणी मुरवणे म्हणजे नुसते दिवस मोजणे नव्हे. पाणी पार तळापर्यंत मुरले पाहिजे. वरवर साचून राहिलेले पाणी, कितीही स्वच्छ दिसो, मेलेले असते. भिंत गुळगुळीत आणि तळ चकचकीत ठेवण्याचा गवंड्यांना सोस असतो. माशांना त्याचा काही उपयोग नाही. दादाचे काम डोळ्यांच्या अंदाजाने चालते. भिंतीला ते चालत असेल. पाण्याला चालत नाही. तेव्हा तळ तपासावा. तिथे पाणी मुरत नसेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

आपण सुचवलेल्या दोन ओळींविषयी: मी तीन वेळा आरंभ केला. जे लिहून झाले ते पाठवण्याजोगे नव्हते.

आपला
धाकटा दीर


९ नोव्हेंबर

भाऊजी,

काय झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे माझंही मन थाऱ्यावर राहील.

परवा बहिणीकडून परत आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी मागे गेले. हौदात गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. वनस्पतींच्या कुंड्या उघड्या पडल्या होत्या. हे काठावर बसले होते, आणि भिंतीवर कोळशाने आडव्या रेघा ओढलेल्या होत्या, एकाखाली एक, तारखेसकट.

"पाणी कुठं गेलं?"

"मुरतंय."

"मुरतंय म्हणजे?"

"रोज चार बोटं. आधी दोनच बोटं जात होतं. आणखी भोकं पाडली, तेव्हा कुठं रांगेला लागलं."

मी वाकून पाहिलं. तळाला अंगठ्याएवढी भोकं आहेत. अकरा मोजली. छिन्नीने पाडलेली, सारख्या अंतरावर, अगदी ओळीत. यांचं काम कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, मोडतानासुद्धा नीटनेटकं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ज्याला कळतं त्याने."

मग उठले आणि आत जाऊन शिवणयंत्राचा खण उघडून मला दाखवला. पत्रं जशी होती तशीच परत ठेवलेली, वर बॉबिनचा डबा. "मासेवाल्याचं अक्षर फार सुरेख आहे," म्हणाले. रागावले नव्हते. तेच मला सहन झालं नाही.

मी विचारलं, "तुम्हाला पटलं हे? तळ फोडायचं?"

तर म्हणाले, "मला कशाला पटायला पाहिजे? मी भिंती बांधणारा. पाणी त्याचं. तो म्हणतो तळापर्यंत मुरलं पाहिजे, साचलेलं पाणी मेलेलं असतं. चकचकीत तळाचा गवंड्यांना सोस असतो, म्हणतो. आहे सोस. मागेही तोच नडला असेल, टाकीच्या वेळी. तेव्हा ऐकून घेतलं नाही. या वेळी ऐकलं."



भाऊजी, मी शिवणवाली बाई. पण फाटलेल्या कापडात काही राहत नाही एवढं मला कळतं. तुम्हाला हेच म्हणायचं होतं का? नसेल, तर आधी मला कळवा. त्यांना लिहू नका. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी उजव्या हातात काही धरलं. छिन्नी उजव्या हातात, घाव डाव्या हाताने. फडक्याने छिन्नी हाताला बांधून घेतली होती, वळ अजून आहेत. त्यांची समजूत आहे की आपण हौद सुधारला. आपण तो बिघडवला, आणि तोही पुन्हा तुमच्याच शब्दावरून, हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचत नाही. रोज सकाळी चार बोटं मोजतात आणि समाधानाने रेघ ओढतात.

वहिनी


१३ नोव्हेंबर

आदरणीय वहिनी,

आधी आपल्याला कळवावे, असे आपण लिहिले होते. ते मी मानत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. सोबतचे पत्र दादाच्या नावाने आहे. ते त्याच्या हातात द्यावे. खणात ठेवू नये.

धाकटा दीर


१३ नोव्हेंबर

दादा,

हौदाच्या तळाला एकही भोक नको होते. तू बांधलास तसाच तो बरोबर होता.

चूक माझ्या शब्दाची आहे. नव्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढावे लागतात. ते भिंतींना आणि तळाला धरून वाढतात आणि माशांची घाण पचवतात. त्याला सहा आठवडे लागतात. एवढेच मला सांगायचे होते. ते मी असे लिहायला हवे होते. परंतु तुम्हाला कळणार नाही असे गृहीत धरून मी सोपा शब्द शोधला, आणि "मुरणे" हा शब्द सापडल्यावर स्वतःवर खूश झालो. बरणीतली फोड मुरते, कारागीर धंद्यात मुरतो, तसे पाणी मुरावे. जमिनीत पाणी मुरते ते मला आठवलेच नाही. गवंड्याच्या घरी पत्र लिहिताना आठवले नाही. तू त्या शब्दाचा तुझ्या धंद्यातला अर्थ घेतलास, आणि तो अर्थ माझ्या अर्थापेक्षा जुना आहे.

केंद्रात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत एका चुकीच्या शब्दासाठी मी पाने लाल केली आहेत.

आता दुसरे. वहिनींनी लिहिले की टाकीच्या वेळीही चकचकीत तळच नडला असेल, असे तू म्हणालास. हे वाचल्यानंतर मला दोन दिवस काही करता आले नाही. दादा, टाकीत तुझी काहीही चूक नव्हती. ती फोडून दुसऱ्याकडून नवी बांधून घेतली, आणि तिसऱ्या महिन्यात तीही त्याच जागी गळू लागली. तेव्हा खणून पाहिले. निचऱ्याच्या नळाचा सांधा भिंतीबाहेर, मातीखाली, सुटलेला होता. नळाची आखणी माझी होती. पाणी तिथून जात होते. तुझ्या भिंतीतून एक थेंबही गेला नव्हता.

हे मला नऊ वर्षे माहीत आहे. अहवालात दुरुस्ती करता आली असती. एका ओळीचे काम होते. पहिले वर्ष मी प्रसंगाची वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी फार उशीर झाला असे वाटू लागले. त्यानंतर न सांगण्याची सवय झाली, आणि सवयीला मी संयम असे नाव दिले. ज्या शब्दाने मी तुझे काम नाकारले तो शब्द आज मी परत घेतो. तो माझ्या आखणीला लागू होता.

मला यायचे आहे. हौद दुरुस्त करण्यासाठी नव्हे, त्यातले मला काही येत नाही. तू म्हणालास तरच येईन. नाही म्हणालास तर सहा आठवड्यांत काय करायचे ते या वेळी नीट, पूर्ण वाक्यांत लिहून पाठवीन.

तुझा
पंडित


१८ नोव्हेंबर

पंडित,

पत्र पोचलं. ती वाचून दाखवायला निघाली होती. म्हटलं दे इकडे, माझं मी वाचतो. दोन वेळा वाचलं. तू लिहितोस लांबलचक, पण या वेळी अर्थ होता.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

टाकीचं मला माहीत होतं. तुझ्याच केंद्रातल्या नळवाल्याने सांगितलं, त्यालाही आठ वर्षं झाली. पहिल्यांदा आनंद झाला. मग वाटलं, नळवाला येऊन सांगतो आणि सख्खा भाऊ सांगत नाही. म्हणजे नळवाला मला बरं वाटावं म्हणून बोलत असेल. मग तो म्हणतो ते खरं की तू लिहिलंस ते खरं, हे कधी ठरेनाच. हात गेल्यावर तर वाटलं, तूच बरोबर. हातात आधीपासूनच खोट असणार.

तुझ्याकडून यायला पाहिजे होतं. आलं. आता त्यावर बोलायचं नाही.

भोकांचं सांगतो. पाणी मुरतं म्हणजे आमच्याकडे शिवी असते. पहिलं भोक पाडताना वाटलंच होतं, हा पंडित वेडा झालाय. पण तू एवढी वर्षं माशांत घालवलीस. म्हटलं, खाली काहीतरी असेल जे मला दिसत नाही.

पत्र आलं त्याच दिवशी पोतं उघडलं. दहा भोकं बुजवली. डाव्या हाताने भरलं, उजव्याने नुसतं दाबलं. दाबायला पकड लागत नाही, वजन लागतं, ते आहे. हिला सांगितलं, आपल्या हौदात काही बिघडलं नव्हतं, शब्द बिघडला होता. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

अकरावं भोक ठेवलंय. ते तू बुजवायचंस. पाण्याची परीक्षा तू घेतोस, थापीची मी घेईन.

सकाळच्या गाडीने ये. जुने कपडे घालून ये.

दादा


३० जानेवारी

भाऊजी,

हे बाहेरच्या खोलीत तुम्हाला पत्र लिहायला बसले आहेत, म्हणून मी आत बसून हे लिहिते आहे. त्यांच्या पत्रात माशांविषयी फार काही नसेल, म्हणून ते काम माझ्याकडे लागलं.

आधी एक कबुली, ती त्यांच्या वतीने. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी यांनी तुम्ही बुजवलेलं अकरावं भोक उकरून पुन्हा भरलं. तुम्हाला सांगायचं नाही, असं बजावलं आहे. मी आता तुमच्या घराण्यातल्या कुठल्याही गोष्टी लपवणार नाही असं ठरवलं आहे, म्हणून सांगते.

सहा आठवडे पूर्ण झाले. तुम्ही चार पानं लिहून भिंतीवर लावून गेलात, त्यातलं एकही वाक्य आम्ही मोडलं नाही. चार गोल्डफिश आणले. मासेवाला म्हणाला, "चारच? मासे आहेत की पाव्हणे?" यांनी चारांचेच पैसे मोजले. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली, घड्याळ लावून. मग वाटीवाटीने पाणी. पिशवी आडवी केल्यावर पहिला मासा बाहेर यायला बराच वेळ लागला. हे म्हणाले, "हा तुझ्या दिरासारखा." मग बाकीचे तिघे एकदम आले.

तिसऱ्या दिवशी एक मासा वर आला, पोट वर करून.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. हे काठावर उभे होते. ऑक्टोबरमध्ये तुम्हाला पहिलं पत्र लिहिताना मला याच सकाळची भीती होती. त्यांनी मासा उचलला, तळहातावर घेऊन पाहिला, आणि घराच्या कडेने दिसेनासे झाले. माळ्याची शिडी त्याच बाजूला आहे. मी पोळपाटावरचा हात तसाच ठेवून ऐकत राहिले. शिडी वाजली नाही. थोड्या वेळाने ते फावडं घेऊन आले, जाईच्या मुळाशी मासा पुरला, आणि परत हौदाशी जाऊन पाण्यात हात घालून बसले.

"एक गेला," मी बाहेर जाऊन म्हटलं.

"गेला. तीन आहेत."

"कशाने गेला असेल?"

"माशाने. आल्यापासून एक कल्ला बंद होता त्याचा. पंडितच्या कागदावर लिहिलंय ते, तिसऱ्या पानावर. पाणी बरोबर आहे. तळ बरोबर आहे."

बाकीचे तिघे अजून मजेत आहेत. दुपारी कुंड्यांच्या सावलीत असतात. आता आणखी दोन कधी सोडायचे ते कळवा.

दुसऱ्याच दिवशी पोतं पुन्हा उघडलं. हौदाच्या कडेला माल पडलेला पाहून मी विचारलं, आता काय? म्हणाले, ओटा. बसायला. मी म्हटलं, आपल्याला खुर्च्या आहेत की. तर म्हणाले, "पंडितसाठी आहे. तो काठावर उभा राहून बोलतो तेव्हा व्याख्यान होतं. बसवला की बोलणं होतं."

"मग दोघांपुरता बांधा."

"दोघांपुरताच धरलाय," म्हणाले. "तू उभीच असतेस."

काल वरचा थर झाला. उजव्या हातात थापी होती, फडक्याने बांधलेली. डाव्याने मनगटाला आधार. कड थोडी हलली आहे. त्यांनी पाहिली, आणि तशीच ठेवली.

तीन आठवडे त्यावर कुणी बसायचं नाही, असा हुकूम आहे. त्यानंतर या.

वहिनी